वाऱ्याचा जमाखर्च

पुण्याहून कोल्हापूरकडे जाणारा महामार्ग आपल्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. कुंभोजगिरी-बाहुबलीच्या यात्रेसाठी, सांगली-कोल्हापूरच्या पेढीवरील कामासाठी, सोयरिकीसाठी किंवा लग्नकार्यासाठी आपण त्या रस्त्याने वर्षातून दोन-चार वेळा तरी जातो. साताऱ्याजवळ क्षणभर थांबतो, कंदी पेढ्यांचा पुडा घेतो आणि पुढची वाट धरतो. तेथून पश्चिमेकडे वळून सह्याद्रीच्या माथ्यावर चढून जाण्याचे प्रयोजन सहसा पडत नाही. वास्तविक आपल्यापैकी काही घरांची मालमत्ता त्या माथ्यावर गेली वीस-पंचवीस वर्षे उभी आहे. ताळेबंदात तिची नोंद आहे, तिच्यावरील घसारा केव्हाच वजा झाला आहे, तिचे उत्पन्न खात्यात जमा होत आले आहे. मात्र ती डोळ्यांनी पाहिलेली माणसे आपल्या घरांत थोडीच असतील. ही मालमत्ता म्हणजे चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावरील पवनचक्क्या होत.

सातारा शहरातून समर्थ मंदिराच्या बाजूने निघून जुना बोगदा ओलांडला की गाव मागे पडते आणि परळी खोरे सुरू होते. डावी-उजवीकडे भाताची खाचरे, उरमोडी धरणाचे पाणी आणि समोर समर्थ रामदासांच्या समाधीने पावन झालेला सज्जनगड. गडाचा फाटा सोडून घाट चढू लागलो की हवेत एकदम गारवा येतो. पुढे ठोसेघर लागते. पावसाळ्यात तेथील धबधबा पाहण्यासाठी पर्यटकांची एवढी गर्दी होते की त्यापलीकडे रस्ता आहे याचे भान पुष्कळांना राहत नाही. तो रस्ता आणखी काही किलोमीटर चढत जातो. झाडी विरळ होते, खुरटते, आणि अखेर नाहीशीच होते. मग आभाळाखाली नुसते सपाट, उघडे पठार उरते आणि त्यावर दृष्टी पोहोचेल तेथपर्यंत पांढरे मनोरे.

समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवरील हे पठार बेसॉल्टच्या थरांवर जांभ्या दगडाचे आवरण लेवून बसले आहे. माती वीतभर, काही ठिकाणी तीही नाही. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला हे ओसाड माळरान वाटेल. पावसाच्या सरींनंतर मात्र याच खडकाच्या खळग्यांत पाणी साचते आणि त्यात गेंद, सीतेची आसवे, तेरडा, सोनकी अशा इवल्या वनस्पती फुलतात. जवळच्या ज्या कास पठाराची कीर्ती आता सर्वदूर पसरली आहे, जे २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसह जागतिक वारशात समाविष्ट झाले, त्याचेच हे भावंड. फरक इतकाच की कासच्या वाट्याला फुले पाहणारे आले आणि याच्या वाट्याला वारा मोजणारे.

वारा मोजणाऱ्यांची निवड चुकीची नव्हती. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर आदळतात. त्यांना बाजूला सरकण्यास वाव नसतो. ते कड्यावरून वर चढतात आणि माथ्यावरून जाताना आक्रसून अधिक वेगवान होतात. वाऱ्याच्या व्यवहारात वेगाला विलक्षण महत्त्व आहे. वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणूनच खालच्या खोऱ्यातील झुळूक आणि माथ्यावरील झंझावात यांत यंत्राच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर पडते. सेकंदाला तीन-चार मीटरचा वारा लागला की पाती फिरू लागतात. पंचवीस मीटरच्या आसपास गेला की यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी आपोआप थांबते. आषाढात येथे उभे राहिले तर समोरचा मनोरा ढगांत बुडून जातो. पाते दिसत नाही, पण डोक्यावरून जाणारा त्याचा जड, ठराविक अंतराने येणारा श्वासासारखा आवाज ऐकू येत राहतो.

वनकुसवड्याच्या बाजूला पठाराच्या कडेशी गेलो की खाली कोयनेचा शिवसागर जलाशय पसरलेला दिसतो. महाराष्ट्राच्या विजेच्या इतिहासातील दोन अध्याय येथे एकमेकांकडे पाहत उभे आहेत. खाली १९६० मेगावॉट क्षमतेचा कोयना जलविद्युत प्रकल्प, वर २५० मेगावॉटहून अधिक क्षमतेचे पवनचक्क्यांचे रान. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पाणी हा साठवणुकीचा माल आहे. गोदामात ठेवावा, भाव आला की काढावा. वारा हा नाशवंत माल. आला त्या क्षणी वीज करून विकली नाही तर तो हातचा गेलाच. त्यातही अडचण अशी की वारा भर पावसाळ्यात जोरात येतो, आणि तेव्हाच शेतीपंप बंद असल्याने विजेची मागणी उतरलेली असते. त्या महिन्यांत वाऱ्याची वीज घ्यावी, धरणाचे पाणी राखून ठेवावे आणि उन्हाळ्यात ते वापरावे, ही दोघांची जोडी निसर्गानेच जुळवून दिल्यासारखी वाटते.

भारतात वाऱ्यापासून वीज करण्याचे पहिले प्रयोग १९८६ साली समुद्रकिनाऱ्यावर झाले. रत्नागिरी, गुजरातेत ओखा आणि तमिळनाडूत तुतिकोरिन येथे ५५ किलोवॉटची छोटी परदेशी यंत्रे बसविण्यात आली. तेथून आजपर्यंतचा प्रवास थक्क करणारा आहे. २०२५ च्या मार्चअखेर देशाची पवनऊर्जेची क्षमता ५० हजार मेगावॉटवर गेली आणि या क्षेत्रात भारत जगात चौथ्या स्थानी आहे. कन्याकुमारीजवळचे मुप्पंडल, कच्छचा किनारा, जैसलमेरचे वाळवंट, धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल, सांगली जिल्ह्यातील ढालगाव अशी पूर्वी नकाशात सहसा कोणी न शोधलेली नावे वीजव्यवसायात सर्वतोमुखी झाली. या वाढीला वाऱ्याइतकाच एका आर्थिक तरतुदीचाही हात होता, आणि ती तरतूद आपल्या पेढ्यांना चांगली ठाऊक आहे.

१९९० च्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळत असे. पुढे तो ८० टक्के झाला. महाराष्ट्र शासनाने १९९८ च्या धोरणात विक्रीकरातही सवलत दिली. ज्याचा धंदा कापडाचा, औषधांचा, सोन्याचा, ज्याला विजेच्या यंत्रातले ओ की ठो कळत नाही, अशा मनुष्यालाही सनदी लेखापालाने सांगितले की यंदा नफा मोठा आहे, एक पवनचक्की घेऊन टाका. जागा शोधणे, यंत्र उभारणे, देखभाल करणे, सारे काही यंत्र विकणारी कंपनीच पाहत असे. सुझलॉनचे संस्थापक तुलसी तांती हे मूळचे सुरतेतील कापडउद्योजक. स्वतःच्या कारखान्याच्या विजेसाठी पवनचक्क्या घेता घेता त्यांनी १९९५ साली हा नवाच व्यवसाय उभा केला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. वर्षाच्या पूर्वार्धात यंत्र सुरू झाले तर पूर्ण घसारा, नंतर झाले तर अर्धा, या नियमामुळे सप्टेंबर आणि मार्च हे या क्षेत्रात धांदलीचे महिने ठरले. पठारावरचे ऋतुचक्र वाऱ्याचे होते. त्यात आयकराच्या ऋतूंची भर पडली.

या व्यवस्थेत एक उणीव मात्र होती. सवलत यंत्र उभे करण्याला मिळत होती, वीज निर्माण करण्याला नव्हे. २००९ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने प्रत्यक्ष निर्मितीवर युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देण्यास आरंभ केला, तो या उणिवेवरील उपाय होता. दरम्यान महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २००३ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या पवनचक्क्यांसाठी दर ठरवून दिला होता : पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे, पुढे दरवर्षी १५ पैशांची वाढ, आणि हा करार १३ वर्षांचा. तेरा वर्षे उलटली तेव्हा बाजार पालटलेला होता. २०१७ पासून दर लिलावाने ठरू लागले. पहिल्या देशव्यापी लिलावात तो ३ रुपये ४६ पैशांवर आला आणि त्याच वर्षअखेर गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैशांवर उतरला. घसाराही ४० टक्क्यांवर आला. नवा करार जुन्या भावाने होईना. ज्या मालकांनी आपली चक्की कागदावरच पाहिली होती, त्यांना तिची खरी चौकशी करण्याची वेळ प्रथमच आली.

पठारावर एका मनोऱ्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या आडोशाला बसलेल्या राखणदाराशी आमचे थोडे बोलणे झाले. आम्ही विचारले, “काका, या चक्कीचे मालक कधी येतात का हो?” ते हसले. म्हणाले, “शेठ, बारा वर्सं झाली मला हितं. कंपनीची मान्सं येत्यात, सायेब येत्यात. मालकाचा पाय न्हाय लागला अजून. पंखा फिरतोय तवर आमची राखण हाय. म्होरलं कुनाला ठावं?”

त्या ‘म्होरलं’ मध्ये पुष्कळ काही आले. या डोंगरावरील माणसांनी विजेसाठी एकदा मोठी किंमत मोजलेली आहे; कोयनेच्या जलाशयाखाली अनेक गावे गेली, कित्येक कुटुंबे उठून दूरवर वसली. पवनचक्क्यांनी गावे बुडविली नाहीत हे खरे. अवजड यंत्रे वर नेण्यासाठी रस्ते झाले, त्या रस्त्यांनी एसटी, शाळा आणि दवाखानाही जवळ आला. पण जमीन विकणाऱ्याला मोबदला एकदाच मिळाला आणि त्या जमिनीवरचे उत्पन्न मात्र वीस-पंचवीस वर्षे वाहत राहिले. ज्या माळावर गुरे चरत, ज्याच्या उतारावर नाचणी-वरी होई, त्याचा भाव ठरताना त्यावरून वाहणाऱ्या वाऱ्याचा भाव कोणी धरला नव्हता. सौदा कायदेशीर होता. तो समतोल होता का, हा प्रश्न सौद्याच्या दोन्ही बाजू समजणाऱ्या व्यापाऱ्यानेच स्वतःला विचारावयाचा आहे.

पठारावर आणखी एक रहिवासी आहे, आणि त्याची कहाणी आपल्या समाजाला विशेष विचार करावयास लावणारी आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस येथील दगडांवर एक सरडा येऊन बसतो. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी उलगडणारी पातळ त्वचा असते. निळा, काळा आणि नारिंगी अशा रंगांनी ती झळकते. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या जातीचे नामकरण केले ‘सरडा सुपर्बा’. होय, प्रजातीचे शास्त्रीय नावच मराठी ‘सरडा’ या शब्दावरून घेतले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी याच पठारावर पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या जागांची तुलना केली आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चारपटीने कमी आढळले. ससाणे आणि घारी फिरकेनाशा झाल्याने सरड्यांची संख्या मात्र वाढलेली होती. त्यांच्या रक्तातील भयाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण उतरले होते आणि माणूस बराच जवळ गेला तरी ते पळत नसत.

वरवर पाहता यात आनंद मानावा असे वाटेल. भक्षक गेला, भक्ष्य निर्भय झाले. पण संशोधकांना हेही दिसले की तेथील सरडे कृश झालेले होते. गर्दी वाढल्याने त्यांच्या वाट्याचे अन्न घटले असावे. नरांच्या गळ्याचा रंगही फिका पडला होता. कोणी कोणाला मारले नाही, कोणी कोणावर दगड उचलला नाही, तरीही एका फिरत्या पात्याने जीवसृष्टीची सारी उतरंड हलविली. हिंसा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शस्त्र किंवा अग्नी येतो. येथे यांपैकी काहीच नाही, आणि तरीही परिणाम आहे.

याचा अर्थ पवनऊर्जा त्याज्य ठरते असा मुळीच नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत पहिले नाव अंगारकर्माचे आहे. दगडी कोळसा जाळून होणारी वीज, तिची राख, तिचा धूर, तिच्यासाठी उकरलेली भूमी आणि तोडलेली अरण्ये ज्याने पाहिली असतील, त्याला वाऱ्याची वीज निवडणे हे अल्पहिंसेचेच वाटेल, आणि ते योग्यच आहे. प्रश्न निवडीचा नाही, विवेकाचा आहे. पाणी गाळून पिणारा मनुष्य पाणी पिणे सोडत नाही. तो एक वस्त्र मध्ये धरतो. वाऱ्याच्या व्यवहारात ते वस्त्र कोणते, हे ठरविण्याची वेळ आता आली आहे.

वेळ आली आहे असे म्हणण्यास कारण आहे. पवनचक्कीचे आयुष्य वीस ते पंचवीस वर्षांचे मानले जाते. या पठारावरील पहिल्या पिढीची यंत्रे त्या टोकाशी आली आहेत. त्यांची क्षमता काहीशे किलोवॉटची. आजच्या एका यंत्राची दोन-तीन मेगावॉटची, आणि मनोऱ्याची उंची शंभर मीटरहून अधिक. म्हणजे सात-आठ जुन्या चक्क्यांचे काम एक नवी करू शकते. जुनी काढून नवी बसविण्यास केंद्राने २०१६ साली धोरण आखले आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये ते सुधारून पुन्हा जाहीर केले. तरीही काम संथ आहे. त्याचे एक कारण यंत्रात नसून मालकीत आहे. पाती मोठी झाली की दोन यंत्रांमधले अंतरही वाढवावे लागते. एकाने वारा घेतला की मागच्याला तो मंद मिळतो. जेथे आठ मालकांच्या आठ चक्क्या उभ्या आहेत, तेथे एक नवी चक्की उभी राहावयाची तर आठ जणांनी एका बैठकीवर यावे लागेल. कोणी पुण्याचा, कोणी मुंबईचा, कोणी सोलापूरचा. एकाचा दुसऱ्याशी परिचय नाही.

आणि येथेच आपल्या समाजाला काही करता येईल असे वाटते. भागीदारी ही आपल्याला वारशाने मिळालेली विद्या आहे. भिन्न गावच्या, भिन्न ऐपतीच्या माणसांनी विश्वासावर एकत्र येऊन हिस्सेवारी ठरविणे, नफ्यातोट्याची वाटणी करणे, हे आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. जुन्या चक्कीचा प्रश्न ज्याच्या दारी आला असेल त्याने ती भंगाराच्या भावात काढून मोकळे होण्यापूर्वी शेजारच्या चक्कीचा मालक कोण याची चौकशी करावी. आठांच्या जागी एक झाली तर पठाराचा बराच भाग मोकळा होईल, रस्त्यांचे जाळे कमी होईल, तारा कमी होतील. जैसलमेरच्या बाजूला माळढोक पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतात, आणि हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तारा हाही जीवदयेचा विषय आहे हे त्यातून दिसून आले.

नवा करार लिहिताना चार कलमे अधिक घालता येतील. जुन्या मनोऱ्याचे पोलाद वितळवून पुन्हा वापरता येते, पण पाती काचतंतू आणि राळ यांची असतात. त्यांचा पुनर्वापर सोपा नाही. ती माळावर टाकून न देता कोठे न्यावयाची, हे आधी ठरवावे. काँक्रीटचा चौथरा जमिनीखालपर्यंत फोडून काढावा आणि वर मूळची मुरमाड माती परत पसरावी. मोकळ्या झालेल्या तुकड्यांवर झाडे लावण्याचा मोह टाळावा, कारण हे पठार उघडे असण्यातच त्याचे जीवन आहे. आणि गावाला एकरकमी दानाऐवजी युनिटमागे ठराविक वाटा द्यावा, म्हणजे वारा जितका वाहील तितका तो ज्यांच्या डोक्यावरून वाहतो त्यांनाही मिळेल. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी आपण नफ्यातून एक भाग बाजूला ठेवतो. ज्या डोंगराने पंचवीस वर्षे उत्पन्न दिले त्याच्या जीर्णोद्धारासाठी तसाच एक भाग राखण्यात नवल काहीच नाही.

येत्या यात्रेच्या वेळी शक्य असेल त्यांनी साताऱ्याला अर्धा दिवस अधिक मुक्काम करावा. सज्जनगडाचा फाटा सोडून पुढे जावे. पावसाळ्यात गेलात तर अंगावर जाड कांबळे आणि मुलांचा हात घट्ट धरलेला असावा. वारा खरोखरच जोराचा असतो. चैत्र-वैशाखात गेलात तर गाडी हळू चालवावी, कारण दगडांवरून सरडे चटकन बाजूला होत नाहीत. मनोऱ्यावर लिहिलेला क्रमांक पाहावा. घरच्या कागदपत्रांत तोच क्रमांक असला तर मुलांना सांगावे की ही आपली चक्की. हिच्याखाली कोण राहतो, कोण चरतो, काय फुलते, हे पाहून घ्या. पुढचा निर्णय तुम्हालाच घ्यावयाचा आहे.